उभी गाडी

एडिसन, न्यू जर्सीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"माझ्याकडे १९९९ ची माझदा मियाटा आहे, दोन सीटांची, उघडता येणाऱ्या कापडी टपाची स्पोर्ट्स कार. हिरवी, पाच गिअरची, १ लाख १८ हजार मैल झालेली. अमेरिकेत आल्यावर दुसऱ्याच वर्षी, २००१ मध्ये, सेकंडहँड घेतली. लग्नानंतर बायको इकडे आली आणि याच गाडीवर क्लच शिकली. गेल्या वर्षी मात्र गाडी जेमतेम ४०० मैल चालली. टपाचं कापड विरलं आहे, टायमिंग बेल्ट (इंजिनाचे भाग एका तालात ठेवणारा रबरी पट्टा) बदलून नऊ वर्षं झाली. डीलर म्हणतो, नवी मियाटा घ्या, जुनीचे २,२०० डॉलर धरतो. नवीला वॉरंटी आहे, ताकद जास्त आहे, फोन जोडता येतो. मुलगी सतरा वर्षांची आहे, ती म्हणते विकू नका, मला द्या, मी कॉलेजला नेईन. बायको म्हणते, उभी गाडी ठेवून काय करायचंय? सात-आठ वर्षांनी पुण्याला परतायचा विचार आहे. गाडी बदलावी म्हटलं की घरातलं कुणी बाहेर काढल्यासारखं वाटतं. काय करू?"

नमस्कार,

तुमच्या पत्रात मी वहिनींच्या वाक्यापाशी थांबलो. त्या 'जुनी गाडी' म्हणाल्या नाहीत, 'उभी गाडी' म्हणाल्या. ज्या बाईने त्या गाडीवर क्लच शिकला, ती शब्द उगाच निवडणार नाही. तुम्ही जुनी की नवी असा प्रश्न मांडून बसला आहात आणि त्यांना वेगळंच काहीतरी खुपतंय. मला त्यांचं म्हणणं पटलं.

वर्षाला ४०० मैल म्हणजे महिन्याला तेहतीस-चौतीस. या गाडीला चालण्याने जेवढा त्रास होत नाही, तेवढा उभं राहण्याने होतो. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि टाकीत पडून राहिलं की पेट्रोल शिळं होतं. मागच्या ब्रेकचे कॅलिपर, म्हणजे चकतीला आवळणारे चिमटे, आपल्या पिनांवर अडकून बसतात. क्लचचा खालचा छोटा सिलिंडर, ज्याला सगळे स्लेव्ह म्हणतात, त्याचं रबर सुकतं आणि एके दिवशी पेडल जमिनीला जाऊन तिथेच राहतं. मियाटाची बॅटरी मागे डिकीत असते, त्यामुळे रोजच्या नजरेआड ती कधी मेली तेही कळत नाही. 

टायर तर आजच बघा. कडेवर डॉट या अक्षरांपुढे आकडे असतात, त्यांतले शेवटचे चार वाचायचे. २३१४ असेल तर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. वर नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी दहा वर्षांचं रबर ओल्या रस्त्यावर भरवशाचं नसतं, आणि मागच्या चाकांनी ढकलणाऱ्या हलक्या गाडीत तर नाहीच नाही.

आता खरी परीक्षा. डीलरकडे जायच्या आधी, मन काय म्हणतं ते ऐकायच्याही आधी, गाडी मेकॅनिकच्या लिफ्टवर चढवा. तुमच्या पिढीच्या मियाटाचं आयुष्य इंजिनावर ठरत नाही. ते १.८ लिटरचं इंजिन साधं आणि चिवट आहे, टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. गाडी बंद पडते, पण इंजिन वाचतं. न्यू जर्सीत ही गाडी मरते ती हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने. आणि गंज धरतो तो ठरावीक ठिकाणीच.

दारांखालची लांब पट्टी, म्हणजे सिल किंवा रॉकर पॅनल, आणि तिचं मागच्या चाकाच्या पुढे येणारं टोक: पहिला गंज तिथे. कारण असं की टपावरून उतरलेलं पावसाचं पाणी सीटांच्या मागे दोन्ही बाजूंच्या नळ्यांमधून खाली जायचं असतं. पाला-कचरा बसून त्या तुंबल्या की पाणी आत मुरतं, सिलच्या पोकळीत साठतं, आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो. रंगावर फोड दिसेपर्यंत आतला बराचसा पत्रा गेलेला असतो. दुसरी जागा पुढची. इंजिनाच्या दोन्ही अंगांनी जाणाऱ्या फ्रेम रेल, ज्यांच्यावर पुढचं सगळं ओझं आहे. तुमच्या पिढीत तिथे पत्र्याचे दोन थर आहेत, आणि दोन थरांमध्ये खारं पाणी शिरलं की बाहेर पडत नाही. पहिल्या पिढीच्या गाड्यांना हा रोग एवढा नाही, तुमच्या पिढीला आहे.

मेकॅनिकला सांगा, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने या जागा ठोकून बघ, जिथे आवाज बोदा येईल तिथे टोक लावून दाब. तुम्ही शेजारी उभे राहा आणि स्वतः बघा. हे मी आग्रहाने सांगतो, त्याला कारण आहे. माझी पहिली मियाटा १९९२ ची होती, लाल. मुलगा झाला त्या वर्षी मी ती ट्रेड-इनमध्ये, म्हणजे नव्या गाडीच्या किमतीत वळती करून, डीलरला देऊन टाकली, एका शनिवारी दुपारी, सह्या करायला चाळीस मिनिटंसुद्धा लागली नसतील. दोन वर्षांत जीव राहवेना, म्हणून तशीच दुसरी शोधली. एका दुकानातून घेतली, खालून गंज थांबवणारा ताजा काळा थर, म्हणजे अंडरकोटिंग, मारलेली, पाहताना नवी कोरी वाटावी अशी. पहिल्या हिवाळ्यानंतर ते कोटिंग पापुद्र्यांसारखं सुटलं आणि डावीकडच्या सिलमध्ये माझा अंगठा गेला. ती गाडी वाचवता आली नाही. आधीची, जी मी देऊन टाकली, तिचे सिल खणखणीत होते. ते मला माहीत होतं, कारण मीच दर वसंतात नळ्या साफ करत होतो. म्हणून सांगतो: तुमची गाडी खालून धड असेल, तर पंचवीस वर्षांची धड गाडी ही आता बाजारात जाऊन सहज मिळणारी वस्तू राहिलेली नाही. आणि तिचा इतिहास २००१ पासून तुमच्या हातात आहे, ही गोष्ट पैसे देऊन मिळत नाही.

ठोकल्यावर फ्रेम रेल बोद्या निघाल्या तर मात्र मी तुम्हाला थांबवणार नाही. सिलचा पत्रा कापून नवा जोडता येतो, चांगला वेल्डर असेल तर ते काम टिकतं. पण पुढच्या रेल खाल्ल्या गेल्या असतील तर अपघातात ती गाडी ज्या तऱ्हेने चेपायला हवी तशी चेपणार नाही, आणि तिच्यात वहिनींना बसवणं बरोबर नाही. अशा वेळी इंजिन, गिअरबॉक्स, काचा, सीटा दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागू द्या. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी मियाटा बनली. जगात सगळ्यात जास्त खपलेली दोन सीटांची स्पोर्ट्स कार म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. एवढ्या गाड्या असल्यामुळे तुमची दुर्मिळ ठरून कधी लाखमोलाची होणार नाही. पण त्याच कारणाने तिचा प्रत्येक सुटा भाग कुणाला तरी हवा असतो, आणि तुम्ही ठेवलीत तर तुम्हालाही मिळत राहील.

गाडी धड निघाली असं धरून पुढे लिहितो.

टायमिंग बेल्ट, त्याच्याबरोबर वॉटर पंप, कूलंटचे होज, चार टायर, ब्रेक आणि क्लचचं ऑइल, एवढं बदलून घ्या. बेल्टची मुदत ६०,००० मैलांची असते, पण नऊ वर्षांत मैल कमी झाले म्हणून रबर तरुण राहत नाही. ओळखीच्या स्वतंत्र मेकॅनिककडे हे सगळं माझ्या अंदाजाने दीड ते दोन हजार डॉलरमध्ये होईल. नव्या गाडीच्या तीन-चार हप्त्यांएवढं. टप नंतर बघू, काचेची मागची खिडकी शाबूत असेल तर घाई नाही. हे केल्यावर तीन महिने चालवा. आठवड्यातून एकदा तरी, अर्ध्या तासाच्या वर, इंजिन पूर्ण तापेल इतकं. तीन महिन्यांतसुद्धा चालवली गेली नाही, तर तुम्हाला उत्तर मिळालंच, आणि ते वहिनींनी आधीच दिलेलं आहे. मग ती अशा माणसाला द्या जो चालवेल.

नव्या गाडीबद्दल मी हातचं राखून बोलणार नाही, कारण ती खरोखर चांगली आहे. माझदाने १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटर शोमध्ये पहिली मियाटा दाखवली तेव्हा तिच्यामागे एकच कल्पना होती. जपानीत तिला जिन्बा इत्ताई म्हणतात, घोडा आणि स्वार एकजीव. आपल्याकडे घोड्यावर मांड बसणं म्हणतात ना, तेच. २०१६ पासूनच्या चौथ्या पिढीने ही कल्पना सोडलेली नाही. तुमच्या गाडीची ताकद १४० अश्वशक्ती, २०१९ नंतरच्या दोन लिटर इंजिनाची १८१, आणि तरीही वजनात फरक थोड्याच किलोंचा. लांबीला तर नवी तुमच्या गाडीपेक्षा इंचभर आखूडच आहे. या पाव शतकात बाकी सगळ्या गाड्या फुगत गेल्या, ही राहिली. माझदाच्या, हिरोशिमाच्या त्या इंजिनिअरांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

फरक हातांना जाणवेल तो स्टिअरिंगमध्ये. तुमचं हायड्रॉलिक आहे, रस्त्याची खडी बोटांपर्यंत येते. नवीचं इलेक्ट्रिक, नेमकं पण जरा मुकं. हे कागदावर ठरवू नका. मीठ धुवून गेलं की एखाद्या सकाळी आपली गाडी घेऊन रूट २९ ला जा, लँबर्टव्हिलपासून वर फ्रेंचटाउनपर्यंत डेलावेअर नदीच्या काठाकाठाने. त्यानंतर त्याच दिवशी नवी चालवून बघा. डीलरच्या दारातून निघून हायवेला एक फेरी आणि परत, याला मी टेस्ट ड्राइव्ह म्हणत नाही. गाडी वळणांवर न्या, खराब रस्त्यावर न्या, टप उघडून न्या. आणि नवीच आवडली तर कोरी घ्यायची गरज नाही, २०१९ च्या पुढची दोन-तीन वर्षं वापरलेली बघा. त्याआधीच्या काही गाड्यांमध्ये गिअरबॉक्सच्या तक्रारी होत्या.

एक गोष्ट मात्र पत्रात तुम्ही लिहिलेली नाही आणि मला विचारावीशी वाटते. ४०० मैलांवर गाडी आली ती कशामुळे? वेळ मिळत नाही म्हणून, की आत बसता-उठताना गुडघे बोलतात म्हणून? आपल्या वयाला ही लाजायची गोष्ट नाही. पण कारण ते असेल तर नवी मियाटा घेऊन काहीच सुटणार नाही. तिची सीटसुद्धा जमिनीला तेवढीच टेकलेली आहे. चौतीस हजार डॉलर खर्चून दुसऱ्या खड्ड्यात उतरायचं, आणि वर्षभराने जुन्या गाडीऐवजी नवी गाडी उभी. वहिनींनाही हे विचारा. त्या शेवटच्या कधी त्या गाडीत बसल्या होत्या?

पैशांचं पटकन सांगतो. ट्रेड-इनमध्ये देऊ नका. डीलरच्या लेखी ती पंचवीस वर्षांची गाडी आहे, बस. तो तिला बहुधा लिलावात काढेल आणि २,२०० हा आकडा त्याच हिशोबाने आला आहे. तो म्हणेल, ट्रेड-इनची रक्कम वजा करून सेल्स टॅक्स बसतो. खरं आहे, न्यू जर्सीत ६.६२५ टक्के टॅक्स उरलेल्या रकमेवर लागतो. म्हणजे तुमचे वाचले सुमारे १४६ डॉलर. सिल धड असलेली, बेल्टची पावती असलेली, एकाच माणसाच्या हातात वीस वर्षं राहिलेली मियाटा ज्याला कळते तो गिऱ्हाईक याहून पुष्कळ वर जातो.

ठेवणार असाल तर इन्शुरन्स बदला. साध्या पॉलिसीत किरकोळ धडकेनंतरही कंपनी गाडी टोटल, म्हणजे दुरुस्त न करता निकालात काढण्याजोगी, ठरवू शकते, कारण दुरुस्तीचा खर्च बाजारभावाच्या वर सहज जातो. कलेक्टर गाड्यांच्या पॉलिसीत किंमत आधीच ठरवून लिहून ठेवतात. त्याच्या अटी असतात: बंद गॅरेज, रोजच्या वापराला दुसरी गाडी, मर्यादित चालवणं. तुम्हाला त्या अडचणीच्या नाहीत. पंचवीस वर्षं झाली म्हणून हिस्टॉरिक नंबर प्लेट घ्यायचा मोह मात्र टाळा. ती प्लेट प्रदर्शनं आणि तशाच कारणांसाठी असते, तिच्यावर एरवी मनमुराद हिंडता येत नाही, आणि तुम्हाला तर गाडी हिंडवायची आहे.

लेकीबद्दल मात्र माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते मी घासाघीस न करता देतो. तिला ती गाडी हवी आहे याचा तुम्हाला किती आनंद झाला असेल ते कळतं. पण १९९९ च्या मियाटात पुढच्या दोन एअरबॅग आहेत, बाजूच्या नाहीत. गाडी घसरायला लागली की आपणहून एकेका चाकाला ब्रेक लावून ती सावरणारी स्टॅबिलिटी कंट्रोलची यंत्रणा नाही. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या गाडीत ती सक्तीची आहे, आणि ती सक्ती उगाच झालेली नाही. तुम्ही वीस वर्षं त्या गाडीचं मागचं टोक ओळखता. लेकीला गाडी चालवायला लागून सहा महिने झालेले असतील, पावसात रूट १८ चं वळण असेल, शेजारच्या लेनमध्ये जिचा बंपर तिच्या खांद्याच्या उंचीला येतो अशी एसयूव्ही असेल. रोज कॉलेजला जायला तिला एखादी साधी, अलीकडची सिडॅन द्या. क्लच मात्र मियाटावरच शिकवा. रविवारी सकाळी, एखाद्या ऑफिसच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, कोरड्या दिवशी. आणि शिकवायला तुम्ही बसू नका, वहिनींना बसू दे. त्या याच गाडीवर शिकल्या आहेत, कुठे पाय अडखळतो ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं आठवत असेल.

राहिलं पुणं. गाडी तिकडे नेता येणार नाही. डाव्या हाताच्या स्टिअरिंगची आणि तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी भारतात आणू देत नाहीत, नवी मियाटा घेतलीत तर तीही निघण्याच्या वेळी याच नियमात अडकेल. म्हणजे निरोप ठरलेलाच आहे, तो सात-आठ वर्षांनी द्यायचा आहे एवढंच. मी तुमच्या जागी असतो तर हीच वर्षं हातातल्या हिरव्या गाडीबरोबर काढली असती, आणि तोवर लेक पंचविशीची झाली, हात बसला, की किल्ली तिला दिली असती. तेव्हा ती रविवारची गाडी म्हणून ठेवेल, तिची स्वतःची रोजची गाडी वेगळी असेल, आणि मग माझी हरकत नाही. पण हे सगळं त्या सिलवर आहे. डावीकडची आधी ठोकून बघा, रस्त्याच्या कडेचं खारं पाणी उजवीकडे जास्त उडत असलं तरी माझ्या गाडीची डावीच गेली होती, नळी तिकडची तुंबलेली होती म्हणून.

गाडीची माणसासारखी ओढ वाटते, घरातलं कुणी बाहेर काढल्यासारखं वाटतं, असं तुम्ही लिहिलंत. ती ओढ खोटी आहे असं मला वाटत नाही. तरुणपणी परक्या देशात स्वतःच्या पैशाने घेतलेली पहिली हौस, शेजारी नवी नवरी, गिअर बदलताना खरखरणारा आवाज आणि दोघांचं हसणं. हे सगळं त्या दोन सीटांमध्ये घडलं आहे. माझदाने स्वतः २०१७ मध्ये जपानात पहिल्या पिढीच्या मियाटांसाठी रिस्टोरेशनची सेवा सुरू केली. म्हणजे ज्यांनी ती बनवली त्यांनाही जुनी गाडी चालती राहावीशी वाटते. चालती, हा शब्द मी मुद्दाम वापरतोय.

येत्या शनिवारी मेकॅनिकची वेळ घ्या. वहिनींना बरोबर न्या, आणि परत येताना त्यांना चालवायला सांगा. निघण्याआधी टायरचे ते चार आकडे वाचा, दहा वर्षांच्या पलीकडचे असतील तर गाडी टो करून न्या, आणि लिफ्टखाली काय दिसलं ते मला कळवा.